मागची साथ बघितलेल्या माणसाला नवीन साथ लवकर कळते की उलट गोंधळ होतो?

तिलारीकाठचो

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमचं घर दोडामार्ग तालुक्यात, मी नोकरीला ठाण्यात, आईबाबा गावी. बाबांना 2017 च्या काजूच्या हंगामात माकडताप झालेला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, हा गोचीड चावून होतो, मूळचा कर्नाटकातला, 2016 ला आमच्याकडे केर गावात निघाला आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला पण गेला. बाबांना तेव्हा गोव्याला बांबोळीला न्यावं लागलेलं, परत घरी येतील असं आम्हाला वाटत नव्हतं. ते वाचले आणि तेव्हापासून वाडीत तापाचे एक्स्पर्ट झाले. कोणाला पण ताप आला की आधी आमच्या खळ्यात येणार आणि बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काजीत गेल्लंस काय?"

यंदा लावणीच्या टायमाला त्यांनाच ताप भरला. थंडी वाजून, अंग मोडून. आई म्हणाली दवाखान्यात जाऊया. बाबा म्हणाले माकडताप पावसात येत नाही, तो डिसेंबर ते मे (हे बरोबरच आहे म्हणा), मग हा एकतर साधा व्हायरल नायतर कोरोना, आणि कोरोनात काय करायचं ते आपल्याला पाठ आहे. झालं. माजघर सोडून पडवीतल्या खोलीत वेगळे झोपले, ताट-तांब्या वेगळा, तोंडाला रुमाल, नातवाला दारातून परत पाठवला, पॅरासिटामॉल आणि गरम पाणी, वर "पाच दिवस बघूया". सगळं एकदम शिस्तीत, फक्त रोग दुसराच. पोटऱ्या एवढ्या दुखत होत्या की संडासला जाताना भिंत धरून, ते पण चिखलात वाकून वाकून झालं असेल म्हणून सोडून दिलं. शेवटी चुलतभाऊ आला, त्याने डोळे बघितले, लालभडक, आणि सरळ गाडीत घातलं. लेप्टो निघाला. वेळेत गेले म्हणून निभावलं, आता घरी आहेत, कुरकुर चालू आहे म्हणजे बरेच आहेत.

मला बाबांची चूक काढायची नाहीये, पण डोक्यातून जात नाही. ज्या माणसाने एक साथ अंगावर काढली आणि दुसरी डोळ्यासमोर बघितली त्याला तिसरी आपल्यापेक्षा जास्त कळायला हवी ना? की तो जुन्याच चष्म्यातून बघत बसतो? तुमच्याकडे काय अनुभव? घरातल्या जुन्या माणसांचे किस्से असतील तर ते पण लिहा.

रिटायर_सिस्टर

बाळा, बाबा बरे झाले हे वाचून बरं वाटलं. मी पीएचसीत आयुष्य काढलं, सिंधुदुर्गात, माकडतापाच्या वेळी पण होते आणि कोरोनाच्या वेळी पण. तुझ्या बाबांसारखी माणसं प्रत्येक गावात आहेत आणि खरं सांगू तर ती आम्हाला उपयोगाचीच वाटायची. कारण माकडतापाच्या हंगामात रानात माकड मेलेलं दिसलं की पहिला फोन अशाच माणसाचा यायचा. ज्याच्या घरात झालेला नाही तो म्हणणार मरेना का माकड.

पण गंमत अशी आहे की माणसाला रोग लक्षात रहात नाही, तेव्हा काय केलं ते लक्षात रहातं. माकडतापातून लोकांनी घेतलं काय तर काजूत जाताना अंगाला तेल लावा, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, गुरांच्या अंगावरच्या गोचिड्या बघा. हे सगळं बरोबर, कारण तो किडा पाचोळ्यात असतो आणि पिल्लू असताना खसखशीएवढा, चावलेला कळत पण नाही. मग कोरोना आला, त्यातून घेतलं काय तर वेगळं झोपा, तोंड झाका, घरात थांबा, उगाच हॉस्पिटलात गर्दी करू नका. ते पण त्या रोगाला बरोबरच होतं. पण लेप्टोला ह्यातलं काही म्हणजे काही चालत नाही. लेप्टो माणसापासून माणसाला शक्यतो होतच नाही, वेगळं झोपून काय करणार? तो उंदराच्या मुतातून येतो, गुरांच्या पण, शेतातल्या साठलेल्या पाण्यात असतो आणि पायाला भेगा, चिखल्या, कापलेलं असेल तिथून आत जातो. आणि त्याला घरात थांबणं हेच वाईट. पहिल्या दोन-तीन दिवसात गोळ्या चालू झाल्या तर माणूस कामाला लागतो, आठवडा काढला तर किडनी, लिवर, फुफ्फुस कुठे पण जातो. "पाच दिवस बघूया" हा कोरोनातला शहाणपणा लेप्टोत जीव घेतो, मी बघितलंय.

म्हणून ताप दिसला की आधी हे विचारायचं की गेल्या दोन-तीन आठवड्यात हा माणूस कुठे कुठे जाऊन आला. रानात? शेतात उघड्या पायांनी? घरात अजून कोणाला आहे का? डास? बाबांचा "काजीत गेल्लंस काय" हा प्रश्न मला फार आवडला, अगदी योग्य प्रश्न आहे, फक्त तो एकावरच थांबला. स्वतःला ताप आला तेव्हा "शेतात गेल्लंय काय" हे पण विचारायला हवं होतं, आणि उत्तर तर पायाला लागलेलंच होतं.

आणि त्यांना एकट्याला बोल लावू नको. 1957 साली शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधल्या मोठमोठ्या लोकांना पहिला संशय यलो फीवरचा आला होता. कारण दक्षिण अमेरिकेत यलो फीवरमध्ये माकडं मरतात हे त्यांना माहीत होतं, आणि भारतात तो शिरेल ही भीती आधीपासून होतीच. माकडं मेली, माणसांना ताप आला, जुळलं की. शोधलं तर निघाला गोचिडीतून जाणारा वेगळाच विषाणू, नातं लागलं रशियातल्या मेंदूज्वराशी. पण त्यांनी रक्त तपासलं, किडे पकडून बघितले, आणि मग आधीचा अंदाज सोडून दिला. आपल्याला ते सोडणं जमत नाही.

मेडिकलवाला_कणकवली

सिस्टर बरोबर बोलल्या. माझ्या दुकानात या एक दिवस, जून ते सप्टेंबर कधी पण. माणूस येतो, मोबाईल काढतो, व्हॉट्सॲपमध्ये खाली खाली खाली जातो आणि 2021 मधल्या चिठ्ठीचा फोटो दाखवतो. "हेच द्या, मागच्या वेळी ह्यानेच उतरला." त्यात अझिथ्रो, त्यात व्हिटॅमिन सी, झिंक, एकदोघांच्या चिठ्ठीत तर स्टिरॉइड. चिठ्ठी कोणाची? मेव्हण्याची. मी नाही दिलं की समोरच्या दुकानात जातो आणि जाताना मला ऐकवून जातो.

आता दुखण्याच्या गोळ्यांचं बघा. चिकनगुनिया 2006 ला आलेला तेव्हा सांधे एवढे धरलेले लोकांचे की कित्येकांना महिनोन्महिने मूठ वळत नव्हती, तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलंय की ताप आणि अंगदुखी म्हणजे पेनकिलर जोरात घ्यायची. आता तोच ताप डेंगी असेल तर ब्रूफेन-डायक्लोने रक्तस्रावाची भीती, लेप्टो असेल तर किडनीवर अजून बोजा. मी सरळ सांगतो, पॅरासिटामॉलच्या पुढे काही पाहिजे तर आधी रक्त तपासून या. धंदा कमी होतो, होऊदे.

दाभोळखाडी

विषय आवडला. मी जरा उलट बाजू मांडतो, कारण सगळेजण जुन्या माणसांच्या अकलेवर घसरतील असं दिसतंय.

1896 ला मुंबईत प्लेग आला तेव्हा आपले रत्नागिरीकडचे गिरणीकामगार आगबोटींनी भरभरून गावाकडे पळाले, सरकारने बंदरांवर, स्टेशनांवर तपासण्या लावल्या, 1897 चा साथरोग कायदा त्याच गडबडीत झाला (आणि 2020 ला तोच कायदा परत बाहेर काढला, सव्वाशे वर्षांनी!). त्या काळात गावोगावी लोकांना एक गोष्ट कोणी न शिकवता कळलेली की घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं, माळावर झोपड्या बांधून रहायचं, महिनाभर परत फिरकायचं नाही. आता विज्ञानाला हे केव्हा कळलं? सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत 1898 ला पिसवांचं गणित मांडलं तर लोकांनी त्याला हसण्यावारी नेलं, पुढे कितीतरी वर्षांनी मुंबईतल्या प्रयोगांनी ते पक्कं झालं. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून माणसावर येतात, म्हणजे मेलेल्या उंदराचं घर सोडणं हा शंभर टक्के बरोबर उपाय. साहेब मात्र तेव्हा घरं धुवत होता, कौलं काढून ऊन आत सोडत होता, लोकांचं सामान रस्त्यावर जाळत होता, कारण त्याच्या डोक्यात घाण आणि दूषित हवा बसलेली. म्हणजे जुन्या चष्म्यातून बघत होता तो साहेब.

आमच्या पणजीच्या वेळच्या देवीच्या साथीचं पण तसंच. देवी आल्या की त्या घरात फोडणी द्यायची नाही, दाराला कडुलिंब, बाहेरच्याने आत यायचं नाही, आणि शुश्रूषा कोणी करायची तर जिला देवी येऊन गेल्यात तिनेच. बाईला इम्युनिटी हा शब्द माहीत असायची गरज नव्हती. फोडणीचं सोडून द्या, बाकी सगळं आजच्या आयसोलेशन वॉर्डसारखंच आहे.

मालवणाकडची गावपळण माहीत असेलच इथल्यांना. आचऱ्याला रामेश्वराचा कौल घेऊन तीन दिवस तीन रात्र अख्खा गाव गुराढोरांसकट, कोंबड्याकुत्र्यांसकट वेशीबाहेर जाऊन रहातो, वैभववाडीतल्या शिराळ्यात तर दरवर्षी. लोक भुतांच्या गोष्टी सांगतात, काहीजण म्हणतात प्लेगच्या आठवणीतून आलं असेल, पुरावा मागू नका, मला पण दुसरं म्हणणं जास्त पटतं एवढंच.

पण हेच पळणं 1918 ला मानमोडीत (फ्लूची मोठी साथ) काही कामाला आलं नाही. ती श्वासातून जाणारी, पळणाऱ्याबरोबर पळाली. आणि 2020 ला पण तेच. म्हणजे सिस्टरांचं म्हणणं शेवटी खरंच ठरतंय, पण जुनी माणसं मूर्ख होती असं वाचून कोणी जाऊ नये म्हणून एवढं टायपलं.

गणपतीक_येवा

दाभोळखाडी साहेब, पळणाऱ्यांचा इतिहास तुम्ही सांगितलात, आता पळून आलेल्याचं पण ऐका. मी त्यातला. 2020. गणपतीला गावी यायचं म्हणून ई-पास, मग चौदा दिवस की दहा दिवस ह्याच्यावर रोज नवीन मेसेज, शेवटी आलो तर वेशीवर बांबू आडवा आणि ग्रामकृती दलाची पोरं उभी. त्यातला एक माझा सख्खा भाचा. "मामा, शाळेत ऱ्हवाचा लागतला." मी म्हटलं राहतो बाबा. शाळेत राहिलो, ज्या वर्गात बाकावर नाव कोरलेलं त्याच वर्गात, काकी कुंपणावरून पेजेचा टोप ठेवून लांब जाऊन उभी रहायची आणि तिथून ओरडून विचारायची मीठ बरोबर हा मा?

ते एक वेळ ठीक, रोग नवीन होता, मुंबईतून येणाऱ्यांच्या बरोबर येतच होता, नाकारत नाही. पण त्या साथीतून आमच्या गावाने धडा काय घेतला माहितीये? "रोग मुंबैकारच हाडतत." म्हणजे मुंबईकरच आणतात. बस. परवा गावात दोघांना ताप आला तर पहिली चौकशी काय तर मे महिन्यात कोण कोण मुंबईवरून येऊन गेलं. अरे ऑगस्ट चालू आहे! विहिरीजवळ उंदीर मरून पडलाय तो कोणी बघत नाही, शेतात सगळे अनवाणी, आणि संशय कोणावर तर डोंबिवलीच्या माझ्यावर. मला वाटतं साथीतून माणसाला रोगापेक्षा घाबरायचं कोणाला ते जास्त लक्षात रहातं. आणि ते एकदा बसलं की विज्ञान किती पण सांगा.

चिपळूणकर_बाजारपेठ

गणपतीक_येवा, हसलो पण खरं आहे.

आमच्याकडचं सांगतो. 22 जुलै 2021, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत. पाणी उतरल्यावर आम्ही दुकान साफ करायला घेतलं, मदतीला बाहेरून पोरं आलेली, फार चांगली पोरं, रात्रंदिवस राबली. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती त्यामुळे प्रत्येकाच्या तोंडावर मास्क, खिशात सॅनिटायझर, चहा प्यायला मास्क खाली केला तरी लांब लांब उभे. आणि पाय? गुडघाभर चिखलात, अर्धी पोरं अनवाणी, कारण चपला चिखलात रुततात. काचा, पत्रे, मेलेली जनावरं सगळं त्याच चिखलात. एकाचा अंगठा कापला तर त्याने त्याच्यावर सॅनिटायझर ओतला, किंचाळला, आणि परत तसाच उतरला चिखलात.

मग आरोग्यवाले आले डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन, लेप्टो होऊ नये म्हणून देतात त्या) गोळ्या घेऊन. तिथे दोन प्रकारची माणसं होती. ज्यांचं 26 जुलै 2005 ला मुंबईत कोणी होतं, पुरानंतर तिथे लेप्टोने माणसं गेलेली ज्यांनी ऐकलेलं बघितलेलं, त्यांनी गोळी हातात पडल्या पडल्या घेतली, वर घरच्यांसाठी मागून घेतली. आणि बाकीचे विचारत होते ही कोरोनाची आहे का, माझे दोन डोस झालेत, मला कशाला. म्हणजे तिलारीकाठचो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते असं आहे की मागची साथ उपयोगी पडते, पण ती तीच असली पाहिजे.

तिलारीकाठचो

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. सिस्टर, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. "शेतात गेल्लंय काय" ला आई जाम हसली, बाबा काही बोलले नाहीत, पान लावत बसले.

चिपळूणकर, पण तीच साथ परत आली तरच उपयोग असं असेल तर मग नवीन रोगाला आपण कायम कोरेच का?

कोळिकोडात_नोकरी

तसं नाही वाटत मला. मूळचा देवगडचा, नोकरीनिमित्त केरळात आहे. 2018 ला इथे निपा आला, 17 माणसं गेली, त्यात उपचार करणारी नर्स पण. पाच वर्षांनी 2023 ला परत आला तेव्हा मी इथे होतो आणि फरक बघितला. संशय आल्या आल्या तपासणी, कोण कोणाला भेटलं याच्या याद्या, भाग बंद, आणि लोकांनी पण फार आरडाओरडा न करता ऐकलं. ह्यावर तुम्ही म्हणाल की तोच रोग होता. पण ह्याच लोकांनी मधल्या काळात कोरोनाच्या सुरवातीला पण संपर्क शोधायचं काम इतरांच्या आधी चालू केलं, कारण त्यांना ते काम करायची सवय झालेली. दक्षिण कोरियाचं पण तेच, 2015 ला मर्स (कोरोनाच्याच जातकुळीतला श्वासाचा रोग) मध्ये 186 जणांना लागण आणि 38 मृत्यू, टेस्टिंगच्या नावाने बोंब झाली, मग त्यांनी कायदा बदलून घाईच्या वेळी टेस्ट किटला पटकन परवानगी मिळेल असं केलं आणि 2020 ला तेच कामाला आलं.

म्हणजे घरातल्या माणसाने औषध आणि पथ्य लक्षात ठेवलं तर ते त्या रोगापुरतं. यंत्रणेने शोधायचं कसं ते लक्षात ठेवलं तर ते पुढच्या रोगाला पण चालतं. आता आपल्या जिल्ह्यात माकडतापातून यंत्रणेने काय लक्षात ठेवलं ते सिस्टर सांगतील.

रिटायर_सिस्टर

बरंच ठेवलं आणि बरंच विसरलो. 2016 ला सुरवातीला आम्ही डेंगी-मलेरियाच तपासत होतो, निगेटिव्ह आलं की व्हायरल म्हणून सोडत होतो. आता तसं होत नाही, हंगामात ताप आणि रानात जाणं असलं की रक्त जातं. आशाताईंना माकड मेलं तर कोणाला कळवायचं ते पाठ आहे. पण माणसं बदलतात. तेव्हा जे डॉक्टर रात्री जीप काढून फिरले त्यांच्या बदल्या झाल्या, नवीन येतो तो पहिल्या पावसात सगळं पहिल्यापासून शिकतो. तोपर्यंत त्याला शिकवतं कोण? शिपाई, आशाताई आणि तुझ्या बाबांसारखे. म्हणून म्हटलं उपयोगाचे आहेत. त्यांना सांग वाडीतल्या लोकांना आता तीन प्रश्न विचारायचे, एक नाही. काजूत, शेतात, आणि घरात अजून कोणाला.

तिलारीकाठचो

सांगतो, त्यांना आवडेल, प्रश्न वाढले म्हणजे मान वाढला 😄

एक शेवटचं. लावणी अजून वरच्या मळ्यात राहिलीय, आई जाणार म्हणते, ऐकणार नाही. गमबूट घेऊन ठेवलेत मागच्या वर्षी, पण लावणीला चालत नाहीत, पाय वर येतो आणि बूट चिखलात रहातो. डॉक्सी तिला चालेल का? कशी घ्यायची?

रिटायर_सिस्टर

गमबूट लावणीला नाही चालत, माहीत आहे, बांधावर आणि गोठ्यात तरी घालू दे. चिखल्या असतील तर त्या आधी बऱ्या कर, उतरायच्या आधी पायाला तेल चोळ, कापलेलं असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही. गोळी पीएचसीत मिळते, फुकट. साधारण आठवड्यातून एकदा 200 मिलीग्रॅम, म्हणजे 100 च्या दोन, शेतात काम चालू आहे तोपर्यंत, पण तिथल्या डॉक्टरांना विचारून, दुसरी कसली औषधं चालू आहेत ते सांगून. गरोदर बाई आणि लहान पोरांना नाही द्यायची. उपाशीपोटी घेऊ नको म्हणावं, मळमळतं, पोटभर जेवून तांब्याभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नरड्याला जळजळतं. आणि गोळी घेतली तरी ताप आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात, बाबांना न विचारता.

मेडिकलवाला_कणकवली

दुधाबरोबर पण नको. बरेच जण दुधाबरोबर घेतात, मग ती नीट लागू पडत नाही.